निजवलेली ओळ

४ जानेवारी
नवी नोकरी, नवं गाव आणि चक्क ऊन येणारं घर! बायको खूश, लेक चिमी तर सगळ्या खोल्यांतून भिंगरीसारखी फिरतेय. शाळा सापडेपर्यंत तिची मजाच आहे. नोंदणी कार्यालयाचा सर्व्हर आता माझ्या ताब्यात; गावातल्या प्रत्येक रहिवाशाची नोंद त्यात. आधी हे काम करणारे बुवा निवृत्त होऊन आमच्याच खालच्या मजल्यावर राहतात. कार्यालयातले साहेब दिलखुलास. म्हणाले, सर्व्हर गरीब आहे, फक्त त्याच्या वाटेला जाऊ नका.

९ जानेवारी
सेटिंगची फाइल उघडली. काय तो पसारा! इथली रीत अशी की नको असलेली ओळ खोडायची नाही, तिच्यापुढे # लावून तिला निजवायचं. निजलेली ओळ सर्व्हर वाचत नाही. एक ओळ जागी दिसली : ‘कुणी हात न लावलेल्या नोंदी पुसाव्यात = नाही’. पुसायचंच नाही, तर ओळ हवी कशाला? तिलाही निजवलं. फाइल कशी लख्ख झाली. आज स्वारी स्वतःवर बेहद्द खूश आहे.

१३ जानेवारी
जिन्यात बुवा भेटले. फुशारकीने त्यांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाले, अरे बाबा, ओळ निजली की सर्व्हर स्वतःच्या मनाचं करतो, आणि याच्या मनात मुळात ‘हो’ आहे. ती ओळ त्यांनीच घडवून त्यात ‘नाही’ लिहिलं होतं. उद्या गेल्या गेल्या तिला जागी कर, म्हणाले. मी म्हटलं, नोंदी पुसल्या तरी बॅकअप आहे की. माणसांचा बॅकअप नसतो, म्हणाले आणि दार लावून घेतलं.

१४ जानेवारी
फाइलमध्ये ती ओळच नाही. साहेबांना विचारलं, बुवांची ओळ कुठे गेली? कोण बुवा, म्हणाले. घरी आलो, तर खालच्या मजल्यावर बुवांच्या दाराच्या जागी सरळ भिंत. बायको म्हणते, तिथे भिंतच होती, डोकं ठिकाणावर आहे ना? हात लावून पाहिला. रंगसुद्धा जुना आहे.

१६ जानेवारी
बुवांबरोबर त्यांनी घडवलेलं सगळंच गेलं. ओळ पुन्हा लिहिली, सर्व्हर बंद करून चालू केला. असं सेटिंग नाही, म्हणतो. कोपऱ्यावरचा शिंपीही गेला. चिमीचा फ्रॉक त्याच्याकडे होता. बायको म्हणते, कसला फ्रॉक?

१९ जानेवारी
एकच उपाय, नोंदीला हात लावत राहायचं. चिमीची उंची आज वाढवतो, उद्या कमी करतो. बायकोचंही तसंच. दोघी आहेत. घरी आलो की आधी चिमीला हाक मारतो. ती ओ देईपर्यंत जिवात जीव नसतो. फार भीती वाटते.

२१ जानेवारी
स्वतःच्या नोंदीला हात लावता येत नाही. कार्यालयाचा नियमच आहे, सर्व्हर ती उघडूही देत नाही. साहेबांच्या हातापाया पडलो, माझी तेवढी बदला. हो हो, उद्या बघू, म्हणाले. उद्या म्हणजे—

२२ जानेवारी
साहेबांनी मान वर केली नाही. माझ्या खुर्चीवर आपला कोट ठेवला— मी बसलो होतो. पासवर्ड अजून चालतोय. चिमीची उंची बदलली.

२३ जानेवारी
बायकोने दार उघडलं. कोण हवंय, म्हणाली. चिमी तिच्यामागे— ओळखलं नाही. धावत कार्यालयात परत आलो. पासवर्ड चालत नाही. मी गेलो तर जाऊ दे, पण चिमीच्या नोंदीला उद्या कोण हात—