तंबाखूचा ठसका

अम्मा,

मला खोकला झाला आहे. परवा जेवताना पहिल्यांदा आला, काल दिवसभर अधूनमधून येत राहिला, आणि आज सकाळी दात घासताना अशी उबळ आली की बेसिनला धरून उभं राहावं लागलं. इथे अजून कुणाला सांगितलेलं नाही. खोलीत एसी चालू असतो, हवा कोरडी असते, त्यानं घसा धरला असेल, असं मी स्वतःला समजावतो आहे. हे वाक्य तुला ओळखीचं वाटेल. आपल्या घरी एसी नव्हता, तंबाखू होती, एवढाच फरक.

तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्यापेक्षा वयानं मोठा आहे. मराठीत लिहितोय, कारण तेलुगू मला बोलता येतं, लिहिता येत नाही. तुला तर दोन्ही वाचता येत नव्हतं, तेव्हा भाषेवरून तू काही भांडायची नाहीस. कुठून लिहितोय ते सांगतो. समुद्राकाठी एक बंद इमारत आहे. पुढच्या आठवड्यात इथून एक यान सुटणार आहे आणि त्यात बसणाऱ्या तिघांपैकी मी एक आहे. आभाळाच्या पलीकडं जायचं, पृथ्वीभोवती फिरायचं आणि खाली यायचं. तुझा मुलगा इंजिनिअर झाला, विमानांची इंजिनं तपासत बसला आणि मग अंतराळवीर झाला. हा शब्द मला अजून दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखा वाटतो. उड्डाणाआधी आम्हाला माणसांपासून लांब ठेवतात, कारण एकाला साधी सर्दी झाली तरी त्या डबीएवढ्या जागेत ती तिघांना होते. वर वजन राहत नाही, त्यामुळे कफ खाली उतरत नाही, छाती मोकळी होत नाही. म्हणून नियम सोपा आहे, शिंक आली तरी डॉक्टरांना सांगायचं. सांगितलं की तपासणी, आणि तपासणीत काही निघालं की माझ्या जागी दुसरा जाणार. तो दुसरा शेजारच्याच खोलीत आहे. माझ्याइतकीच वर्षं त्यानंही घाम गाळलाय, आणि माणूस चांगला आहे, हाच वैताग आहे.

आपल्या गल्लीत खोकला हा आजार नव्हताच, अम्मा. सोलापूरच्या पूर्व भागात एका बाजूला मागांची खटखट आणि दुसऱ्या बाजूला बायकांचं खोकणं, या दोन आवाजांत मी मोठा झालो. दारादारांत तुम्ही बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलेल्या. भिजवून मऊ केलेलं पान पत्र्याच्या फरम्यावर ठेवायचं, कातरायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोरा गुंडाळायचा. बोलणं चालू, हात चालू आणि खोकणंही चालू. बाहेरून आलेला पाहुणा नाकाला रुमाल लावायचा तेव्हा आम्हा पोरांना त्याचं हसू यायचं. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, तंबाखूचा ठसका हाय, दुसरं काय. त्यामुळे ज्या बाईचा खोकला तंबाखूचा नव्हता, तीही त्याच गर्दीत बसून खोकत राहायची आणि शेजारणीलासुद्धा पत्ता लागायचा नाही. तू अशीच बसली होतीस. नायना तेव्हा भिवंडीला मागावर होते, वर्षातून एकदा यायचे, बायकोचा खोकला त्यांना काय कळणार.

मला आठवतं ते असं. मी पाचवीत आहे. ताप येतोय, जातोय, अंग झडलंय. तू मला हाताला धरून दवाखान्यात नेतेस, माझ्या छातीचा फोटो काढतात, आणि मग एक दिवसाआड तिथे जायचं सुरू होतं. नर्सबाई समोर उभी राहून गोळ्या गिळायला लावते, तोंड उघडायला लावून बघते. तू बाहेर पायरीवर बसलेली असतेस. ऊन असं की डांबर चपलेला चिकटतं. पहिल्याच दिवशी मला लाल लघवी होते आणि मी रडत तुझ्याकडं येतो, तर तू म्हणतेस, ताकदीच्या गोळ्या हायत, ताकद अंगात शिरली की असंच हुतंय. मला ते पटतं. शाळेत मी मित्रांना सांगतो की माझ्या अंगात ताकद शिरतेय, आणि पुरावा म्हणून भिंतीकडं घेऊन जातो. गोळ्या संपल्या त्या दिवशी तू मला नव्या चपला घेतल्यास. कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणालीस, चालून चालून झिजल्या की जुन्या.

त्यानंतर तू बदललीस. मला मावशीकडं झोपायला पाठवायला लागलीस. जेवायला आलो की ताट उंबऱ्यावर ठेवायचीस आणि मागं सरकून चुलीपाशी, भिंतीकडं तोंड करून बसायचीस. मी आत पाय टाकला की ओरडायचीस. एरवी आपलं बोलणं तेलुगूत, पण रागावलीस की तू मराठीत शिरायचीस, कारखान्यातल्या चेकरशी भांडताना बोलायचीस तसं. "तितंच बस. आत येऊ नको म्हटलं की." एवढंच मला दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचं. सहावीचा निकाल लागला त्या दिवशी मी पळत आलो होतो. उंबऱ्याचं भान राहिलं नाही, थेट तुझ्या अंगावर आलो. तू मांडीवरचं सूप उचलून मध्ये धरलंस आणि त्या सुपानंच मला ढकललंस. तंबाखू सगळी माझ्या डोक्यावर, डोळ्यांत. "लांब हो," म्हणालीस. पास झालास का, असं विचारलंसुद्धा नाहीस. मी डोळे चोळत मावशीकडं गेलो तो पुढं कितीतरी दिवस फिरकलो नाही. सातवीत होतो तेव्हा तू गेलीस. लोक म्हणाले, तंबाखूनं खाल्ली. मीही पुढं सगळ्यांना तेच सांगत आलो, कॉलेजात, नोकरीत, लग्न ठरताना बायकोलाही. आई तंबाखूच्या खोकल्यानं गेली. आणि आईचं माझ्यावर फारसं प्रेम नव्हतं, हे मी कुणाला सांगितलं नाही, पण ते पक्कं धरून बसलो होतो.

अंतराळवीर निवडायचे म्हणून इंजिनिअरांकडूनही अर्ज मागवले तेव्हा मी हौसेनं भरला. मग तपासण्या. कान, डोळे, दात, हाडं, मेंदू. गरगर फिरवणाऱ्या यंत्रात घालून बघितलं, अंधाऱ्या खोलीत एकटं ठेवून बघितलं. प्रत्येक फेरीत माणसं गळत होती. तुझ्या बिड्यांची जुडी चेकर कशी उलगडायचा, सैल वळलेली, फाटक्या पानाची बिडी बाजूला फेकायचा आणि तोंडानं नुसतं "छाट" म्हणायचा, तसंच. माझी पाळी आली छातीच्या फोटोला. उजव्या बाजूला एक पांढरा ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात कुणाला क्षय होता का? मी म्हणालो, नाही. आई खोकायची, पण तो तंबाखूचा खोकला. त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडं पाहिलं. "तंबाखूचा खोकला असा तुमच्या छातीत कसा येईल?" म्हणाल्या. इतकी वर्षं इंजिनाचा आवाज ऐकून आत काय बिघडलंय ते सांगणारा मी, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

मी सोलापूरला गेलो. मावशी अजून त्याच खोलीत आहे, नजर गेली म्हणून बिड्या सोडल्या, आता नातवंडांशी मराठीतच बोलते. मी चहा घ्यायच्या आधी विचारलं, अम्माला टीबी होता का. ती पदराशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "व्हय, टीबीच हुता. तिला ठावं हुतं. मला बी ठावं हुतं."

"मग गोळ्या?"

"घेतल्या की. दोन म्हैने घेतल्या. पर गोळी घेतली की उलट्या व्हायच्या, हात थरथरायचे, बिडी सैल वळायची. रोज छाट निघायचा, मजुरी कापली जायची. खोकला जरा कमी आला, तसं सोडल्या."

"आणि मला एक दिवसाआड त्याच दवाखान्यात नेत होती की ती."

"न्हेत हुती. नर्स इचारायची, बाई तुझ्या गोळ्यांचं काय? तर म्हणायची, मी दुसऱ्या दवाखान्यात घेते. मी लई भांडले तिच्याशी. म्हणली, पोराचं पुरं हुऊ दे, मग माझं बघू." मावशीनं डोळे पुसले. "तुझं पुरं झालं. तवर तिचं परत उसळलं हुतं. मग तुला माझ्याकडं धाडलं. तू गेलास की दाराआडून बघत बसायची, तू कोपऱ्यावरनं वळेस्तोवर."

मी चहा न घेता उठलो. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तिथून आपल्या जुन्या दाराकडं वळून पाहिलं. तिथे आता कुणीतरी टॉवेलच्या गठ्ठ्यांचं दुकान थाटलंय. मी तिथेच रडलो, रस्त्यावर. दुकानदार पाणी घेऊन आला बिचारा.

डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी आणखी तपासण्या केल्या, मोठ्या डॉक्टरांशी बोलल्या, आणि शेवटी मला पात्र ठरवलं. म्हणाल्या, डाग पूर्ण भरून आलाय, दगडासारखा झालाय, आता त्याच्यापासून भीती नाही. लहानपणी तुम्हाला कुणीतरी नेटानं सगळी औषधं दिली आहेत, तुमचं नशीब चांगलं. मी मान हलवली. नशीब म्हणजे तू, उन्हात पायरीवर बसलेली. सगळ्यांनी हात मिळवून अभिनंदन केलं आणि माझ्या मनात एकच चाललं होतं की तुलाही त्याच गोळ्या मिळत होत्या. फुकट, त्याच खिडकीतून. तू माझ्याबरोबर आत यायचं होतंस, एवढंच.

आज दुपारी माझी बायको आणि मुलगी भेटायला आल्या होत्या. भेटायला म्हणजे काचेपलीकडं. आम्ही या बाजूला बसायचं, त्यांनी त्या बाजूला, मध्ये जाड काच आणि बोलायला फोन. मुलगी पहिलीत आहे. तिनं काचेला नाक लावलं, तोंडाच्या वाफेवर बोटानं घर काढलं, आणि मग एकदम फोनमध्ये विचारलं, "बाबा, तू माझ्यावर चिडलायस का? मग मला आत का नाही घेत?" मी उत्तर देणार तेवढ्यात उबळ आली. मी भिंतीकडं तोंड फिरवून खोकलो. मागं वळलो तर बायको उभी राहिली होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. तिला तुझी सगळी गोष्ट आता माहीत आहे. तिनं मुलीच्या हातातून फोन घेतला. "किती दिवस झाले?" म्हणाली. आणि मी काय म्हणालो असेन, अम्मा? ठसका लागला गं, म्हणालो. तिनं फोन खाली ठेवला. मुलगी काचेवरचं घर पुसत होती.

त्या गेल्यावर हे लिहायला बसलो. सांगितलं तर सगळी वर्षं पाण्यात. पुन्हा संधी कधी येईल, येईल की नाही, आणि तोवर माझं वय राहील की नाही, कुणी सांगावं. न सांगितलं तर कदाचित काही होणारही नाही, घसाच असेल, वर जाऊन येईन, गळ्यात हार पडतील. तूही असंच मांडलं असशील ना, सूप मांडीवर घेऊन. आज छाट नको, आज खोकला कमी आहे, पोराचं आधी पुरं होऊ दे. तुला माझ्यासाठी तरी लपवावं लागलं. माझ्याकडं तेवढंही कारण नाही.

मधे लिहायचं थांबवून भिंतीवरची बेल दाबली. डॉक्टरबाई तोंडाला पट्टी बांधून आल्या. परवापासून आहे, मी म्हणालो. परवापासून, त्या म्हणाल्या. घशातून नमुना घेतला, छाती तपासली, पुन्हा तपासली. निकाल यायचा आहे, पण त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि शेजारच्या खोलीचं दार उघडल्याचाही आवाज आला. त्याला तयार राहायला सांगत होते. तो काहीतरी विचारत होता, हळू आवाजात, माझ्याबद्दल असावं. बाकीच्या दोघांना आता वेगळ्या मजल्यावर हलवतायत. मला या खोलीतच राहायचं आहे, जेवण दारात ठेवणार आहेत. काचेपलीकडून मुलीला काय सांगायचं ते बायको बघेल.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. इथून कागदही बाहेर जाऊ देत नाहीत आता. फक्त एक सांगून ठेवतो. डॉक्टरबाईंनी विचारलं, अखेर सांगावंसं का वाटलं, तर मी म्हणालो, बरोबरच्या दोघांचा जीव धोक्यात घालणं बरोबर नव्हतं. त्यांनी मान डोलावली, त्यांना ते आवडलं. खरं तसं नाही, अम्मा. मी तुझ्यावरच्या रागानं बेल दाबली. तू दाबली नव्हतीस म्हणून.