मेक्सिकोत गायलेला ढावलो

प्रिय गोविंदा,

सगळ्यात आधी कोण टपकली असंन, तं तुही चुलतबहीण हंसाबाई. पाहुण्यांचं पाणी पिऊन झालं नाही तं ही दारात उभी. म्हणे, काकी, चाळणी पाह्यजे होती. चाळणी देली, तं ती मांडीवर घेऊन दिवे लागेपर्यंत बसली. दोन वर्षांमागं हीच बाई तांडाभर सांगत फिरे का त्या पोरीचं तोंड पाहणार नाही म्हणून. आता त्याच तोंडावरून तिची नजर हटंना.

पाहुणे कोण ते तू समजलाच. तुही पोरगी ममता अन् तिचा नवरा संघदीप. कागद फाडू नको, पुढं वाच. फोनवर पोरीचं नाव काढलं का तुले वणीत काहीच ऐकू येत नाही, "याडी, आवाज कटून राह्यला" म्हणतो. कागदाचा आवाज कटत नाही, म्हणून लिहाले बसली. मी चार यत्ताही धड शिकली नाही, हे तुले ठाऊक आहे. काना-मात्रा चुकली तं हसू नको. तीन दिवस झाले लिहून राह्यली.

यंदाचाही कापूस घरातच पडला आहे. तू टरक चालवाले गेला तवापासून भाव काही उठला नाही. बसाले जागा नव्हती, म्हणून जावई कापसाच्या ढिगालेच टेकून बसला. उठला तं पाठीमागून पुरा पांढरा. हंसाबाई म्हणे, जावयाले बोंडं फुटली! तोही हसला. पोरगा चांगला आहे रे. बौद्ध घरचा, राळेगावले शाळेत चित्रकला शिकवते. मले "जयभीम आजी" म्हणून पाया पडला, मीही "जयभीम" म्हणलं. जेवल्यावर आपलं ताट आपणच घासलं. हंसाबाईचा नवरा त्याच्या हाताकडं असा पाहे, जशी काही जादूच चालली आहे.

आता खरी बातमी. हे दोघं मेक्सिकोले जाऊन आले! विमानानं, पंधरा दिवस. तिथल्या डोंगरातल्या एका गावात हातकामाचं शिबिर होतं, देशोदेशीचे कारागीर बोलावले होते. ममता शिवते अन् संघदीप नक्षी काढून देते, म्हणून दोघांले मिळून बोलावणं आलं. गावाचं नाव दोनदा विचारलं, माह्या जिभेवर काही बसलं नाही. तिथल्या बाया मागाचं एक टोक झाडाले बांधतात अन् दुसरं आपल्या कमरेले. मागं झुकलं का धागा ताणते, पुढं झुकलं का ढिला होते. म्हणजे बाईच अर्धा माग. जेवाले मक्याची भाकर अन् मिरची, पोरीले काही परकं वाटलं नाही म्हणे. अन् निवडुंगावर बारके किडे पाळतात, ते वाळवून कुटले का लालभडक रंग निघते. इथं किडा आपला कापूस खाऊन राह्यला अन् तिथं बाया किडे जपून राह्यल्या! मी म्हणलं, पोरी, आपले चारदोन तिकडं नेऊन सोडाचे होते.

ममतानं तिथं आपलंच काम शिकवलं, आपल्या बायांच्या फेटिया घागऱ्यावरचं. आरसा बसवाचा, भोवती टाका फिरवाचा, कवडी लावाची. तिचा पहिला आरसा आठवते तुले? सहा वर्षांची असंन. तुह्या सदऱ्याच्या खिशावर वाकडातिकडा शिवलता. तू तोच सदरा घालून दिग्रसले कापूस घेऊन गेलता. अडत्या हसला तं तू त्याले म्हणला, माह्या पोरीची मोहर आहे ही. आल्यावर तूच सांगतलं होतं मले, छाती फुगवून.

तं तिथली रीत अशी का दुपारी शिवता शिवता एकेकीनं आपल्या गावचं गाणं म्हणाचं. ममताचा नंबर आला. लेंगी म्हणावी तं होळी नव्हती. म्हणे, आजी, मी तोंड उघडलं अन् ढावलोच निघाला. त्या बायांले काय समजते! त्याईले वाटलं शिवणाचं गाणं आहे. टाळ्यांचा ठेका धरला, दुसऱ्या दिवशी पुरं शिबिर आरसे शिवता शिवता ढावलो गुणगुणून राह्यलं. मले आधी हसूच आलं.

पण हंसाबाई भडकली. म्हणे, ढावलो काय असा टाळ्यांवर गातात? जावयाले काही समजंना, तं तिनं त्याले समजावलं. आमच्या पोरी सासरी जातात, तवा मायच्या, बापाच्या, भावाच्या, एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गातात तो ढावलो. ज्याले सोडून जायाचं त्याचा गळा पाह्यजे ढावलोले. तवा ममता खाली पाहून म्हणाली, "फूफी, माह्यं लगीन कोर्टात झालं. बाच्या गळ्यात पडाचं राहूनच गेलं." हंसाबाईनं चाळणी खाली ठेवली अन् पोरीले जवळ ओढलं.

तू वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुले लोकाईचं बोलणं लागलं, अन् पोरीनं आधी तुले सांगतलं नाही तेही लागलं. पण मी तुही याडी आहे, जन्म देला तुले. वणीले जाताना तू पोरीचा एक फोटो कपड्याच्या घडीत घालून नेला, तेही मले ठाऊक आहे.

आता कायले लिहिलं ते सांगते, रागावू नको. निघताना ममता दारात थांबली. म्हणे, आजी, बानं कधी माह्याबद्दल विचारलं का? अन् माह्या तोंडातून निघून गेलं, "विचारलं म्हणजे? त्यानंच तं सांगतलं का यंदा होळीले पोरीले अन् जावयाले घरी बोलव, मी सुट्टी काढून येतो." साफ खोटं रे. जन्मात एवढं मोठं बोलली नव्हती. मले वाटलं हंसाबाई आता पितळ उघडं पाडते. तं ती म्हणे, "हो नं, माह्यासमोरच फोन आलता." पोरगी नुसती माह्याकडं पाहत राह्यली. संघदीपनं खिशातला पेन काढून तारीख तळहातावरच लिहून घेतली. तं तू त्याईले बोलावलं आहे, गोविंदा. आम्हा दोघी म्हाताऱ्यांले खोटं पाडाचं का खरं कराचं, ते तू ठरव. होळीच्या आदल्या दिवशी, दिग्रसहून सकाळच्या गाडीनं येतो म्हणाले.

तुहीच, वाट पाहणारी
याडी बसंतीबाई