गाळप संपल्यावर

दादा, काल तुमची नात मला म्हणाली, "बाबा, चिल करा हो." मी विचारलं, "म्हणजे काय?" शब्द मला माहीत होता, कॉलेजात मी इंग्रजीच शिकवतो. तरी विचारलं, कारण हाच प्रश्न एकदा तुम्ही मला विचारला होता.

श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यात तुम्ही पाक आटवायच्या पॅनवर होता. उकळत्या पाकाचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, उजेडात धरायचा, दाणा बघायचा. हंगामभर तिथून नजर हलायची नाही. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण कानावर पडलेला इंग्रजी शब्द तुम्ही वहीत उतरवायचात. तीन रकाने: शब्द, अर्थ, उपयोग. "वापरल्याबिगर शब्द आपला व्हत न्हाई," म्हणायचात.

तो प्रश्न विचारलात त्या दिवशी तुम्ही पाळी बदलून माझ्या कॉलेजच्या गावी, संगमनेरला येता. मी पेपर बुडवल्याचं तुम्हाला कळलं आहे. मी मित्रांबरोबर चहाच्या टपरीवर. तुमच्या अंगावर कारखान्याची खाकी, हातात डबा. "पेपर का बुडवला रं?" मी म्हणतो, "दादा, चिल करा ना. एका पेपरानं काय होतं?" पोरं हसतात. तुम्ही रागावत नाही, खिशातली पेन्सिल काढता. "म्हंजे काय रं?" "तुम्हाला न्हाई जमायचं ते." पोरं आणखी हसतात. "लई अवघड हाय का?" असं तुम्ही खरंच विचारलंत. मी चहाचा घोट घेतला. तुम्ही डबा बाकावर ठेवलात आणि स्टँडकडे गेलात. गाडीला अजून वीस मिनिटं होती.

त्याच हंगामात तुम्ही गेलात, गाळप चालू असताना, ड्युटीवरच. दहावा-तेरावा उरकल्यावर मी वही उघडली. शेवटच्या ओळीत तो शब्द होता. अर्थाचा रकाना कोरा. उपयोगाच्या रकान्यात तुमचं जपून काढलेलं अक्षर: 'गाळप संपल्यावर मी चिल करीन.' माझ्या वर्गात एवढा अचूक उपयोग अजून कुणी केलेला नाही.

लेकीनं काल दोन मिनिटांत समजावलं. काही करायचं नाही, कशाची काळजी करायची नाही, नुसतं बसायचं. ऐकताना तुम्हाला असं बसलेलं कधी पाहिलं होतं ते आठवू लागलो. त्या दिवशी स्टँडवर बसला असाल, गाडी लागेपर्यंत. पण तेही मी पाहिलेलं नाही. मी मागे आलो नव्हतो.

हा कागद वहीत त्याच पानावर ठेवतो आहे. अर्थाचा रकाना अजून कोराच आहे. आणि एक सांगायचं राहिलं: तो डबा आम्ही पोरांनी तिथंच संपवला, हसत हसत. त्यात दोघांपुरत्या भाकरी होत्या.