प्रिडोच्या बदल्यात झीक

६ जुलै, सोमवार

आमचा बेसबॉल संघ, स्टीमर्स, पहिल्या जागेपासून फक्त तीन सामने मागे. याआधी असं झालं तेव्हा वडील हयात होते आणि मला केस होते.

आता एकाच माणसाची कमी आहे, सेंटर फील्ड सांभाळणाऱ्या डेल्विन प्रिडोची. त्याचा मस्टँग्जबरोबरचा करार ऑक्टोबरात संपतो. मग तो मोकळा, हवं तिकडे जाईल आणि मस्टँग्जच्या हाती धुपाटणं राहील. म्हणून ते त्याला आत्ताच द्यायला तयार आहेत. मुदत ३१ जुलै. बदल्यात त्यांना आमचा एक कोवळा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हवाय. झीक टॉलिव्हर, डावखुरा, वय वीस.

दोन महिन्यांच्या पाहुण्यासाठी घरचं पोर द्यावं का, एवढाच वाद आहे. माझ्या मते द्यावं. विजेतेपद काही रोज दारात येत नाही. पोरं दर वर्षी येतात.

अडचण किरकोळ आहे. झीक आमच्या तळघरात राहतो.

७ जुलै, मंगळवार

यात माझा दोष काही नाही. टगबोट्स हा स्टीमर्सचा धाकटा संघ, आमच्या गावात खेळतो. पोरांना पगार नावालाच, म्हणून गावातली घरं एकेकाला उन्हाळाभर ठेवून घेतात. झीक आमचा सहावा. केंटकीच्या डोंगरातला. मला मिस्टर लेन म्हणतो, हिला मिस डोरीन. दिवसाला एक खोकं सिरियल खातो आणि बाऊल स्वतः धुऊन ठेवतो. आधीच्या पाचांना सिंक कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

पोरं कुणाकडे ठेवायची हे मिसेस पाझ्डर ठरवतात. त्यांचा नियम कडक आहे: घरात ट्रेडचा, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा, विषय काढायचा नाही. मला तो पूर्ण मान्य आहे. निर्धार: तटस्थ राहायचं.

दुपारी. दुकानातून जेवायला आलो तेव्हा बिग गसच्या रेडिओ कार्यक्रमाला फोन केला. गॅरेजमध्ये, गाडीत बसून. गॅरेज म्हणजे काही घर नव्हे. शिवाय झीक या वेळेला खाली झोपलेला असतो. नाव सांगितलं रॉय, गाव लोरेन. आवाज जरा जाड केला. म्हटलं, कसला विचार करताय, पोराला द्या आणि प्रिडोला आणा. गस म्हणाला, रॉय, लेका, तुझ्या छातीत काळीज आहे की फ्रीज?

मजा आली. पण एकदाच. पुन्हा नाही.

संध्याकाळी. जेवायला पिएरोगी, बटाटा भरलेले, उकडलेल्या करंजीसारखे. झीकने अकरा खाल्ले आणि डोरीनला म्हणाला, माझ्या आईला कसे करायचे ते सांगाल का, ती फक्त बटाटे उकडते. मी उठून तळघरात गेलो. तळघरातली गादी जुनी आहे, मधोमध खड्डा पडलाय. माझं स्वतःचं गाद्यांचं दुकान आणि पोर खड्ड्यात झोपतंय, हे बरं दिसत नाही. फोमचा जाड थर आणून घातला. झीक म्हणाला, मिस्टर लेन, याची खरंच गरज नव्हती.

फिटंफाट झाली. आता मन हलकं आहे.

१० जुलै

मस्टँग्जवाले म्हणतात म्हणे, टॉलिव्हर कच्चा आहे, आणखी कुणीतरी द्या. हा मूर्खपणा ऐकून गप्प बसवेना. फोन केला. रॉयने सांगितलं की या पोराला तुम्ही पाहिलंच नाही. याचा हळू चेंडू टेबलावरून निसटलेल्या बशीसारखा अचानक खाली जातो. हरला तरी हा कुणाला दोष देत नाही. उद्या हा प्रिडोच्या तोडीचा होईल, लिहून ठेवा.

बोलता बोलता मलाच गहिवरून आलं. गस म्हणाला, अरे मग द्यायला का निघालास? मी म्हटलं, म्हणूनच. चांगलं असेल तेच कुणी घेतं.

मुद्दा बिनतोड होता. तरी दिवसभर कसंसंच वाटत राहिलं.

१४ जुलै

झीकने सात डाव टाकले, एकच धाव दिली. जाळीमागे मस्टँग्जचा माणूस बसला होता, वेताची टोपी घालून, सारखं टिपून घेत होता. घरी येताना मी झीकला विचारलं, आज एकदम काय झालं? तर म्हणाला, घर सोडल्यापासून पहिल्यांदा पाठ दुखत नाही, मिस्टर लेन. तुमच्या फोममुळे.

म्हणजे ट्रेडला मी रेडिओवरून नाही, गादीवरून हातभार लावतोय.

हे फारच लागलं मनाला. तातडीने काहीतरी करायला हवं.

१५ जुलै

नवी गादी आणली. चांगल्यातली, सुट्या स्प्रिंगची. झीकने आणि मी मिळून जिन्यातून खाली उतरवली. डोरीन जिन्यावर हाताची घडी घालून उभी होती. म्हणाली, आपल्या गादीला चौदा वर्षं झाली, लेन. मी म्हटलं, तू काय पिचर आहेस?

नंतर माफी मागितली.

१९ जुलै

पूर्ण नऊ डाव. शून्य धावा. वेताच्या टोप्या आता दोन.

निर्धार: आजपासून रेडिओ बंद. गादीही बंद. जे व्हायचं ते होऊ दे.

२० जुलै

फोन केला. पण फक्त कालच्या खेळाबद्दल अभिनंदन करायला. गसनेच ट्रेडचा विषय काढला. मी नाही.

२२ जुलै

डोरीनने भांडी पुसता पुसता विचारलं, झीकने इथं राहावं असं तुला वाटत नाही का. मी म्हटलं, हा भावनेचा प्रश्न नाही. ती म्हणाली, मग कशाचा आहे? मी म्हटलं, सेंटर फील्डचा.

ती तेच एक ताट बराच वेळ पुसत राहिली. आमचा स्वतःचा मुलगा ॲरिझोनात असतो, नाताळला फोन करतो. झीक कचऱ्याचा डबा न सांगता बाहेर ठेवतो. पण अशा गोष्टी मध्ये आणल्या तर कुठलाच संघ कधी जिंकणार नाही.

२५ जुलै

बातमी आली की मस्टँग्ज जवळजवळ तयार आहेत. जेवण गेलं नाही. दुकानातला मांडणीतला पलंग घरी आणला, तोच, बटण दाबलं की पाठ उचलतो तो. दुकानातला सगळ्यात महाग माल. झीकने आईला फोन लावून सांगितलं की मा, इथं पलंग आपोआप उठून बसतो. आई काय म्हणाली ते त्याने मला सांगितलं: या लोकांचे उपकार कसे फेडायचे रे बाळा.

मी गॅरेजमध्ये जाऊन बसलो. फोन केला नाही. नुसताच बसलो.

२८ जुलै

एक गोष्ट आज लक्षात आली. डाव संपला की झीक आधी स्टँडमध्ये बघतो. आम्ही दिसलो की टोपीला हात लावतो. त्याच्या वडिलांनी त्याला एकदाही खेळताना पाहिलेलं नाही. हे तो तक्रार म्हणून सांगत नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं. मी विचारायला नको होतं.

उद्या गसला फोन करून सांगणार की रॉयचं मत बदललंय.

२९ जुलै

लाइन सतत बिझी. तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा लागली, तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. शिवाय एका रॉयच्या म्हणण्याने असं कितीसं अडणार आहे?

३० जुलै, रात्री

जे घडलं ते सरळ लिहितो.

आजचा सामना. तिसरा डाव चालू होता. झीकने दोघांना बाद केलं, तेवढ्यात मॅनेजर मैदानात गेला आणि त्याच्या हातून चेंडू घेतला. पोर दमलेलं नाही, दुखापत नाही. सगळं स्टेडियम गप्प झालं. झीक डगआउटमध्ये, संघाच्या बाकांकडे, गेला आणि पोरं एकेक करून त्याला मिठ्या मारायला लागली.

बेसबॉल बघणाऱ्या कुणालाही विचारा. चालू सामन्यात डगआउटमध्ये मिठ्या, याचा एकच अर्थ. ट्रेड झाली.

मी उठून उभा राहिलो आणि दोन्ही हात वर करून ओरडलो, आला रे प्रिडो.

का केलं कुणास ठाऊक. चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय. आमची बसायची जागा पोरं ठेवून घेणाऱ्या घरांसाठी राखलेली आहे. पुढच्या रांगेतून मिसेस पाझ्डर वळल्या. त्यांच्याकडेही एक पोर राहतं, संघाचा शॉर्टस्टॉप. डोरीन रडत होती, तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डगआउटमधून झीक मात्र बघत होता. त्याने टोपीला हात लावला.

एवढ्या लांबून माझं ओरडणं ऐकू गेलं नसणार. आनंदाने निरोप दिला असंच त्याला वाटलं असेल.

३१ जुलै

झीकला विमानतळावर सोडलं. सामान म्हणजे एक बॅग, दोन ग्लव्ह्ज आणि डोरीनने बांधून दिलेले गोठवलेले पिएरोगी. घरी तिच्या गळ्यात पडून निरोप घेतला त्याने. मग आम्ही दोघं गाडीत बसलो.

मी म्हटलं, बेसबॉल म्हणजे धंदा आहे, बाळा. तो म्हणाला, हो मिस्टर लेन. मग म्हणाला, तो लोरेनचा रॉय मला एकदा भेटायला हवा होता. मी म्हटलं, कोण रॉय? तो म्हणाला, रेडिओवर बोलतो तो. मी प्रिडोच्या तोडीचा होईन म्हणाला. असं माझ्याबद्दल आजवर कुणी म्हटलं नव्हतं. खेळायला उतरलो की मला ते आठवायचं.

सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या नादात विमानतळाचं वळण चुकलं, पुढे रस्ता शोधण्यात वेळ गेला, आणि असल्या गोष्टी घाईत बोलू नयेत.

१ ऑगस्ट

प्रिडो आला. पहिल्याच सामन्यात होमरन. टीव्हीसमोर मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. डोरीन दुसऱ्या खोलीत इस्त्री करत होती.

१९ ऑगस्ट

प्रिडोच्या मांडीचा स्नायू ताणला. पहिल्या बेसकडे पळताना. नीट पळतही नव्हता खरं तर.

६ सप्टेंबर

स्टीमर्स अकरा सामने मागे. प्रिडो पेपरात म्हणतो, हे शहर माझ्या कायम लक्षात राहील. म्हणजे बॅग भरली. गस रोज विचारतो, रॉय आहेस कुठे, लेका? तोंड लपवून बसलास का?

मुळात सगळा दोष स्टीमर्सच्या डॉक्टरांचा आहे. हे रॉयने सांगायला हवं. पण रॉयला सध्या वेळ नाही.

११ सप्टेंबर

मस्टँग्जने झीकला मोठ्या संघात घेतलं. टीव्हीवर पाहिलं. पहिलाच गडी त्याच बशीवाल्या चेंडूवर बाद. डोरीनने माझा दंड धरला आणि मग आठवण होऊन सोडला.

२१ सप्टेंबर

मस्टँग्ज शनिवारी शहरात स्टीमर्सशी खेळायला येताहेत. झीकने फोन करून सांगितलं की स्टेडियमच्या खिडकीवर तिकिटं ठेवतोय, एक मिस डोरीनचं, एक मिस्टर लेनचं. गसच्या कार्यक्रमातही बोलला. म्हणाला, रॉय ऐकत असेल तर त्याच्याही नावाने एक ठेवलंय, कुणी काही विचारणार नाही, फक्त नाव सांगायचं.

जायचं. नक्की. झीकला बाजूला घेऊन सगळं सांगायचं. निर्धार पक्का.

२६ सप्टेंबर, शनिवार

सकाळपासून पोटात गडबड. डोरीनला सांगितलं, शेजारच्यांना सांगितलं, दुकानातही कळवलं. डोरीन म्हणाली, खरंच? मी म्हटलं, पोटाला काय खोटं बोलता येतं? ती एकटी गेली.

संध्याकाळी. सामना रेडिओवर ऐकला. झीकने एक डाव टाकला, तीन गडी, तिन्ही बाद. मग त्याचाच फोन आला. मिस्टर लेन, पोट कसंय? म्हटलं, उतार आहे. तो म्हणाला, मिस डोरीनच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. रॉयही आला नाही.

मी म्हटलं, रॉय चुकला होता, झीक. तुला द्यायला नको होतं.

तो म्हणाला, हे रॉयला सांगू नका, मिस्टर लेन. उगाच मनाला लावून घेईल. माझं भलंच झालंय.

फोन ठेवल्यावर विचार करत बसलो. रॉयला सांगू नका, असं तो मला का म्हणाला?

डोरीन घरी आली तेव्हा विचारलं, तू त्याला काही बोललीस का. ती म्हणाली, मी कशाला बोलायला हवं? तळघराची खिडकी गॅरेजात उघडते. त्याच्या उशाशीच होती, हवेसाठी उघडी ठेवायचा. पहिल्या फोनला त्याने उशी डोक्यावर घेतली. दुसऱ्याच्या वेळी मात्र वर येऊन मला म्हणाला, मिस्टर लेन माझ्याबद्दल किती छान बोलतात, पण मला ऐकू येतं हे त्यांना कळू देऊ नका, ओशाळतील.

मी म्हटलं, मग रॉयच्या नावाने तिकीट कशाला ठेवायचं?

ती बूट काढत होती. म्हणाली, लेन म्हणून समोर यायला लाज वाटली तर रॉय म्हणून तरी येशील, असं वाटलं त्याला. कुठल्याही खुर्चीत बसला असतास तरी चाललं असतं.

मग तिने पिएरोगी गरम केले आणि माझ्यासाठी साधं सूप ठेवलं. भूक कडकडून लागली होती. पण पोट बिघडलंय असं सगळ्यांना सांगून बसलो होतो, म्हणून सूपच प्यायलो.