लाल गाडीचा डावा आर्म

प्रिय बाळूदादा,

गॅरेजमधल्या तुझ्या फोटोचा हार आज मी बदलला नाही. वहिनी म्हणाली, "भावोजी, फुलं सुकली ना." तिला काय सांगू? जे सांगायचं ते तुलाच, म्हणून लिहायला बसलो.

डॉक्टरकाकांची लाल गाडी परत आलीय. तीच, दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार, तुझी लाडकी. "एकनाथ, डावीकडे ओढते रे," काका म्हणाले. "बाळूच्या हातची गाडी कधी ओढायची नाही." मी ती घोडीवर चढवली, डावं चाक काढलं आणि आत बघतच राहिलो.

चाकाला धरणारा खालचा आर्म एकदा वाकून गेलेला! गॅसवर तापवून सरळ केलेला, वरून काळा रंग. चाकाचा झुकाव लपवायला फटीत लोखंडी चकत्यांवर चकत्या! तापवलेलं लोखंड दम सोडतं, पुन्हा वाकतं, एक दिवस तुटतं. हे मला कोणी शिकवलं, दादा?

मागे विचुंब्याच्या रस्त्यावर ह्याच गाडीची ट्रायल घेऊन तू घामाघूम आला होतास. मी विचारलं, तर म्हणालास, "काय नाय रे. खड्डा व्हता, वाचलो. गाडी सरळ हाय." खोटं बोललास!

आणि चाकं सरळ रेषेत लावायची ती अलाइनमेंट? मालकाच्या वजनाचा माणूस सीटवर बसल्याशिवाय माप घ्यायचं नाही, हा तुझा नियम. काकांच्या वजनाचा म्हणजे मी. "एक्या, हलू नको. श्वास पण हळू घे. सकाळी भाकऱ्या किती हाणल्यास रे?" मी हसत होतो, मनात नाम घेत होतो. आणि तू खाली माझ्याच बुडाखाली चकत्या कोंबत होतास?

न्हावा शेवा बंदरावरचा एखादा ट्रेलरवाला म्हणायचा, जोड मारून दे, चालेल. त्याला तू हाकलायचास. "मरायचं तर दुसऱ्याच्या हातनं मर!" मग काकांच्या बाजूला त्यांची नात बसते, ते दोघं घाटात जातात, हे तुला ठाऊक नव्हतं?

लाज वाटली ना तुला? एवढ्या मोठ्या मिस्त्रीला खड्डा दिसला नाही म्हणून? मला सांगायचंस रे. दोघांनी मिळून काकांची बोलणी खाल्ली असती. रोज पोथी वाचून झाली की तुझ्यासाठी हात जोडतो. आज जोडले, पण मनात शिव्याच आल्या. देवालाही तेच सांगितलं.

तुझा मान राखायला मी गप्प बसेन असं वाटलं असेल, तर चुकलास. उद्या काका आले की तो आर्म त्यांच्या हातात देईन आणि तू काय केलंस ते तुझं नाव घेऊन सांगेन. मग त्यांनी गाडी दुसऱ्या गॅरेजला नेली तर नेऊ देत. पण चालवत नाही, टेम्पोवर घालून. तेवढं मी बघेन.

तुझाच, रागावलेला धाकटा,
एकनाथ