पंक्तिप्रपंच म्हणजे

वडगाव रासाई
५ मे २०२५

ती. सुलक्षणाताईस,
सोपानचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तू सभेत उभी असल्यासारखी बोलतेस, म्हणून पत्र. १८ तारखेला, रविवारी, धाकट्या पोरीचा, ऋतिकाचा साखरपुडा हाय. दौंडहून आदल्या दिवशीच ये.

तळेगावला अनसाअक्काकडं आवतान घेऊन गेलो होतो. कोंडिबादाजी येणार न्हाई म्हणाले. फेब्रुवारीत थोरल्या प्रगतीच्या लग्नात पंक्तिप्रपंच झाला, म्हणे. अगं, सोसायटीचे चेअरमन आले, पंगतीत जागा नव्हती, म्हणून घरच्या माणसाला जरा उठा म्हणालो. एवढ्याला एवढा मोठा शब्द? तू आयुष्यभर मराठी शिकवलंस. त्याचा अर्थ कळव, म्हंजी दाजींची समजूत काढता येईल.

लोभ असू दे. व्याकरण नसलं तरी चालेल.

तुझा
सोपान

दौंड
९ मे २०२५

चि. सोपानरावास,
अ. उ. आ.

पंगतीतून उठवलेल्या माझ्या भावा, तुला हाच मायना शोभतो. लहानपणी सरपंचांच्या घरच्या बारशाला, मोठे पाहुणे आले म्हणून आपल्या तिघांना भरल्या पानावरून उठवलं होतं. लाडवासाठी तू वेशीपर्यंत रडलास. घरी आल्यावर अक्कानं पिठलं टाकलं आणि स्वतःच्या वाटणीचं तेल तुझ्या भाकरीवर घातलं.

अर्थ विचारलास. एका पंगतीत बसलेल्यांना माणूस बघून कमीजास्त वाढणं, हा पंक्तिप्रपंच. तो कचेरीत चालतो, कारखान्यात चालतो, पण शब्द ताटावरूनच आला. दाजींनी मोठा शब्द वापरला नाही, सोपान. लहान वापरला. तू वाढण्यात भेद केला नाहीस, जेवता माणूस उठवलास. त्याला आपल्या भाषेत शब्दच नाही. तीन दिवस त्यांची जीप तुझे पाहुणे आणत होती. त्यांनी अर्ध्या ताटाला नमस्कार केला, नळावर हात धुतला आणि पुन्हा चावी उचलली.

घरचं माणूस, म्हणतोस. घरच्याचा अपमान स्वस्त पडतो, असंच ना?

मी शेजारच्याच पानावर होते. पक्षपातावर गावोगाव भाषणं ठोकणारी बाई मान खाली घालून जिलेबी खात होती. अर्थ मला तेव्हाही पाठ होता.

समजूत काढू नकोस. रविवारी सकाळी तळेगावला जा, दाजींना आणि अक्काला घेऊन ये, पहिल्या पंगतीत बसव आणि स्वतः वाढ. चेअरमन दारात उभे राहिले, तरी दाजींचा हात धुऊन होईपर्यंत पळी खाली ठेवू नकोस.

लोभ आहेच. तो सगळ्यांना सारखा वाढावा.

तुझी
सुलक्षणा