गांडुळांचे त्रेसष्ट दाखले

तीर्थस्वरूप मावशी,

वाकून नमस्कार. (मी खरंच वाकले, खुर्चीवरून पेन पडलं होतं.) काकांचा खोकला थांबला असेल असं धरून पुढे लिहिते, कारण मला अजिबात दम धरवत नाहीये.

मावशी, मी गाजले! सात वर्षं कुंड्यांतली गांडुळं मोजून लिहिलेल्या माझ्या एकुलत्या एका शोधनिबंधाचा चक्क त्रेसष्ट जणांनी आपापल्या निबंधांत दाखला दिलाय. आमचे विभागप्रमुख (आठ वर्षं हंगामी राबवून मला 'अहो मातीवाल्या' म्हणणारे) स्वतः उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आकडा बोलतो, मॅडम! सोमवारी समिती बसली की तुम्ही कायम." मी इतकी हुरळले की खुर्ची सोडून त्यांच्या कचऱ्याच्या डब्यावर बसले. मग लोक माझ्याबद्दल काय काय छान लिहितात ते बघायला हौसेने ते त्रेसष्ट निबंध उघडले. आता माझा निबंध नियतकालिकाच्या ज्या अंकात छापलाय, त्यात तो पान एक्केचाळीसवर आहे. पहिल्या गृहस्थाने घाईत लिहिलं एकशे एक्केचाळीस, आणि पुढच्या बासष्ट जणांनीही एकशे एक्केचाळीसच! (त्या पानावर गटाराच्या झाकणांवरचा लेख आहे. चांगला आहे, मी वाचला.) म्हणजे सगळ्यांनी एकमेकांचं बघून उतरवलं, माझा निबंध कुणी उघडलाच नाही. डाउनलोडचा आकडा काढला तर नऊ. त्यातले आठ माझेच, फाइल उघडते का ते बघायला केलेले. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "दाखले मोजायचे असतात, वाचायचे नसतात." तरी मी भयंकर खूश आहे गं, कायम झाले की माझ्या कुंड्या जिन्याखालून खिडकीत येतील.

तुझी लाडकी
गांडूळबाई

ता.क. समितीतल्या खडूस ग्रंथपालबाईंनी अट घातलीय: हा निबंध प्रत्यक्ष वाचलेल्या एका तरी माणसाचं पत्र आणा, शास्त्रज्ञ नसला तरी चालेल, नाहीतर नोकरी विसरा. नववं डाउनलोड तुझं. पाय प्लास्टरमध्ये असताना तू शिवणकाम सोडून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलास. चार ओळी लिहून पाठव ना! फक्त तिसऱ्या तक्त्यात तीस गांडुळांची तीनशे झालीत हे तू पकडलंस, तेवढं गाळ.

आणखी एक ता.क. नको, गाळू नकोस. तेच सगळ्यात आधी लिही. त्याशिवाय निबंध खरंच कोणी वाचलाय यावर बाईंचा विश्वास बसायचा नाही. तू ती चूक कळवलीस त्या दिवशी मी रडले होते ना, ते लाजेने नव्हतं मावशी, आनंदाने होतं.